घळीपलीकडचा बेचाळीस इंची

ताई घळीपलीकडच्या डोहावर निघाली ती एक भला मोठा मासा धरायला, असं सगळा बाजार म्हणत होता. ते खोटं नव्हतं. पण तिचा खरा हेतू वेगळाच होता. तिला बाबांची गळाची काठी माळ्यावरून खाली आणायची होती.

काठी माळ्यावर टाकली होती खुद्द बाबांनी. बाबा म्हणजे बाजाराच्या कोपऱ्यावरचे जुने शिंपी. वय शहात्तर. गुडघे कुरकुरायला लागल्यावर मशीन ताईच्या पायाखाली आलं, पण काजं-बटणं अजून बाबाच करत आणि गिऱ्हाइकांना सल्लेही तेच देत, न मागता. त्यांचं खरं नाव बाजारात कुणी घेत नसे. सगळे त्यांना 'बेचाळीस' म्हणत.

त्याचं असं झालं होतं. पस्तीस वर्षांपूर्वी बाबा एकटेच दोन दिवस चालून घळीपलीकडच्या डोहावर गेले होते. परत आल्यावर त्यांनी सांगितलं की तिथं मी बेचाळीस इंचांचा तांबडकल्ला मासा धरला, मोजला आणि त्याच्या पोटात अंडी होती म्हणून सोडून दिला. आता गावच्या तळ्यात तांबडकल्ला मिळतो तो वीतभर, फार तर हातभर. हौशी गळकरी मंडळाची मासे मोजायची फळीसुद्धा तीस इंचांची, कारण त्यापुढं जायची वेळच कधी आली नव्हती. साहजिकच लोक हसले. त्यानंतर दोघे-तिघे डोहावर जाऊन रिकाम्या हातानं परत आले आणि लोक आणखी हसले.

हसणाऱ्यांचे म्होरके होते चिटणीसकाका. धंद्यानं न्हावी, मंडळाचे चिटणीस आणि बाबांचे जुने मित्र. मंडळाची वही त्यांच्या आरशाखालच्या खणात असे आणि फळी आरशाशेजारी खिळ्याला. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या गळ्याशी वस्तरा असताना त्याला काहीही ऐकावंच लागतं. त्यामुळं बेचाळीस इंचांची कथा न ऐकता गावात कुणाची दाढी झाली नसेल.

बाबाही हसण्यावारी नेत. पण यंदाच्या वार्षिक बैठकीत एका नव्या सभासदानं अगदी भाबडेपणानं विचारलं, "ह्यांना बेचाळीस का म्हणतात? खुर्ची क्रमांक आहे का?" अख्खी खोली खदखदली. बाबाही हसले. घरी आले, शिडी लावली, काठी माळ्यावर टाकली आणि म्हणाले, "गुडघे साथ देत नाहीत आता." जे गुडघे शिडी चढले, त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. ताईला सगळं कळलं.

दुसऱ्या दिवशी ती तडक चिटणीसकाकांच्या दुकानात गेली. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाचा एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस होता.

"काका, मी डोहावर जाणार आहे. तुम्ही चला. साक्षीदार म्हणून."

"मी?" काकांचा वस्तरा हवेतच राहिला. "अगं, मी बासष्ट वर्षांचा आहे."

"जीभ तर पंचविशीची आहे तुमची. मासा मिळाला तर तुमच्या डोळ्यांनी बघा आणि वहीत बाबांच्या नावापुढं लिहा."

"आणि नाही मिळाला तर?"

ताईनं ठणकावून सांगितलं. "तर परत आल्यापासून मीपण त्यांना बेचाळीस म्हणेन."

फेसातला माणूस म्हणाला, "जा हो चिटणीस. पण आधी माझा दुसरा गाल करा."

तिसरा गडी न सांगताच तयार झाला. ताईचा धाकटा भाऊ औषधांच्या दुकानात कामाला होता आणि पगार हातात पडला की मासेमारीच्या सामानाचं नवं किंमतपत्रक चाळायला घेई. त्याच्याकडं चौदा खिशांचं एक भडक नारिंगी जाकीट होतं, म्हणून त्याला सगळे चौदाखिशे म्हणत. तो सहा काठ्या, दोनशे खोटी आमिषं आणि पाण्याखालचा मासा दाखवणारं एक यंत्र घेऊन हजर झाला. ताईनं त्यातल्या चार काठ्या आणि दीडशे आमिषं दारातच उतरवून घेतली. यंत्र मात्र तो द्यायला तयार होईना.

बाबा 'जा' म्हणाले नाहीत आणि 'जाऊ नको' असंही म्हणाले नाहीत. पण निघायच्या आदल्या संध्याकाळी ते ताईची काठी मांडीवर घेऊन बसले. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, नखावरून हळूहळू ओढत गेले. एका ठिकाणी नख किंचित अडकलं. त्यांनी तिथून पुढचा सगळा तुकडा कापून टाकला. मग गळाचा उलटा काटा पकडीनं चेपला.

"काटा ठेवला तर मासा सुटत नाही खरं, पण सोडताना त्याचा जबडा फाटतो. आणि आपण त्याला सोडणार आहोत."

"हो, बाबा."

"गाठ आवळायच्या आधी थुंकी लावायची. कोरडी गाठ घासून जळते. मग मासा जातो आणि माणूस नशिबाला बोल लावतो." त्यांनी गळाला चार लिटर पाण्यानं भरलेली बादली अडकवली आणि काठी उचलली. बादली जमिनीवरून अर्धवट उठली आणि रीळ कुरकुरत सुटलं. "अस्सं. तंगूस बारा किलो पेलणारी, तर रिळाचा ब्रेक चार किलोला सुटला पाहिजे. घट्ट केलास तर तुटेल. मोठ्या माशाला पळू द्यायचं असतं."

शेवटी त्यांनी खुंटीवरचा टेप काढून तिच्या हातात ठेवला. हा टेप त्यांना त्यांच्या उस्तादांनी दिला होता आणि तेव्हापासूनच त्याचं टोक झिजून कापलेलं होतं. पहिले दोन इंच नव्हतेच; टेप सुरू व्हायचा तोच दोनच्या आकड्यापासून. दुकानातल्या सगळ्यांना सवय होती. येईल त्या मापातून दोन वजा करायचे, की झालं खरं माप. बाहेर हे कुणाला ठाऊक नव्हतं, कारण गिऱ्हाइकाला असं सांगितलं तर ते दुसऱ्या शिंप्याकडं जाईल.

"ह्याच टेपनं मोजला होता," बाबा म्हणाले आणि पुन्हा काजाकडं वळले.

पहिला दिवस चढणीचा होता. रान दाट, वाट ओली, झाडांची मुळं पायऱ्यांसारखी वर आलेली. पक्ष्यांचा गलबला होता आणि उन्हाचे कवडसे पाचोळ्यावर नाचत होते. ताईला इतकं हलकं वाटत होतं की ती चक्क गुणगुणू लागली. मागून चौदाखिशे धापा टाकत येत होता. दुपारी त्यानं दुसरी काठी एका झाडाला टेकवून ठेवली, संध्याकाळी घडीची खुर्ची. "परतताना घेऊ," तो म्हणाला. चिटणीसकाकांनी मात्र काही टाकलं नाही. त्यांच्या पाठीवर आडवी बांधली होती मंडळाची फळी, आणि दर झाडाला ती अडकत होती.

"काका, उभी तरी बांधा."

"उभी बांधली की डोक्याला लागते. आणि तू मला फळीबद्दल सांगू नकोस. फळीवर न मोजलेला मासा म्हणजे गप्पा."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते घळीपाशी पोचले. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे, मधून हिरवीगार नदी, आणि खाली वळणापलीकडं प्रपाताचा एकसारखा घुमणारा आवाज. वाट इथं संपत होती. पलीकडच्या काठानं पुढं जायचं तर नदी ओलांडायला हवी होती. जागा बाबांनी सांगितली होती तीच, जिथं पात्र पसरट होतं आणि पाणी मांडीपर्यंत.

"तोंड वरच्या बाजूला, काठीचा टेका पुढं, पाठीवरच्या पिशवीचा कमरेचा पट्टा सोडलेला," ताईनं बजावलं. "पडलात तर पिशवी सोडून द्यायची. आणि काका, ती फळी हातात घ्या."

"हातात काठी आहे."

चौदाखिशे आधी गेला, मग ताई. पलीकडं पोचून ती दोरखंड सोडवत होती. तो काकांकडं फेकायचा, असं ठरलं होतं. पण काका वाट बघतील तर ना! ते पाण्यात उतरले होते. अर्ध्यात आले. पाय एका गुळगुळीत धोंड्यावर पडला. ते जरासे वळले, बस्स, जरासेच. पाठीवरच्या आडव्या फळीत नदीचं सगळं बळ भरलं.

काका गेले!

एक टोपी. एक हात. मग काहीच नाही. मग तीस पावलं खाली, पाठीवरून सुटलेली फळी दोन खडकांमध्ये धाडकन अडकली आणि तिला छातीनं लोंबकळलेले काका दिसले. त्यांच्या मागं वळण होतं आणि वळणामागं प्रपात.

चौदाखिशेनं दोरखंड फेकला. कमी पडला. पुन्हा फेकला. भिजून जड झालेला दोर अर्ध्यातच बसला. त्यानं घाईघाईनं आपली महागडी काठी जोडली, वजनाला शिसं बांधलं आणि सगळं बळ एकवटून फेकलं. रिळावर सगळी तंगूस गुंतून घरटं झालं. शिसं त्याच्याच पायाशी पडलं.

"ताई!" तो ओरडला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

ताईनं आपली काठी उचलली. शिसं बांधलं. गाठीला थुंकी लावली. तिनं क्षणभर डोळे मिटले. दुकानामागचं अंगण तिला दिसलं. अंगणाच्या टोकाला बटणांचा रिकामा डबा ठेवलेला, आणि बाबा म्हणतायत, डब्याकडं बघ, काठीकडं नको. सात वर्षांची असल्यापासून तिनं त्या डब्यात किती वेळा शिसं टाकलं असेल, त्याची गणती नव्हती.

तिनं काकांच्या खांद्याकडं बघितलं आणि फेकलं. वाऱ्यानं शिसं हातभर अलीकडं पाडलं. तिनं गुंडाळलं. फळी करकरली. तिनं पुन्हा फेकलं. तंगूस उन्हात लखलखत गेली आणि काकांच्या उजव्या खांद्यावरून पलीकडं पडली!

"काका, हाताला गुंडाळू नका! कापेल! नुसती ओढा!"

तिनं आपल्याकडची तंगूस कापून दोरखंडाच्या टोकाला बांधली. काका एका हातानं ओढू लागले. वीतभर. आणखी वीतभर. दोरखंडाचं टोक पाण्यावरून सरकत त्यांच्यापर्यंत गेलं. त्यांनी तो काखेखालून फिरवून बांधला.

"फळी सोडा!"

"फळी मंडळाची आहे!"

"काका, सोडा म्हणते ना!"

ताईनं हा स्वर आजवर फक्त उधारीवाल्या गिऱ्हाइकांसाठी वापरला होता. काकांनी फळी सोडली. भाऊ-बहिणीनं टाचा रोवून दोर ओढला. एक लाट, एक गटांगळी, आणि काका काठावरच्या वाळूत पालथे पडले. फळी सुटली, गरकन फिरली आणि वळणाआड गेली. काही वेळानं खालून लाकूड फुटल्याचा आवाज आला.

काकांनी मान वर केली. "तेहतीस वर्षं जुनी होती," ते म्हणाले आणि खोकू लागले. ते जिवंत होते आणि तक्रार करत होते, यापेक्षा गोड ताईनं आयुष्यात काही ऐकलं नव्हतं. ती हसायला लागली, मग रडायला लागली, मग दोन्ही एकदमच.

शेकोटीशी कोरडे कपडे घालून चहा पोटात गेल्यावर काकांनी ओले मोजे ज्वाळांवर धरले. "नेम कुठं शिकलीस?"

"बाबांनी शिकवला. बटणांच्या डब्यात."

"हं," काका म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "हं." मग एकदम आठवल्यासारखं विचारलं, "आता मासा मोजणार कशानं?"

ताईनं खिशातून टेप काढून दाखवला. काकांनी नाक मुरडलं, पण हरकत घ्यायचा तोरा त्यांच्या फळीबरोबरच वाहून गेला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाठलेला डोह बाबांनी सांगितला होता त्याहून सुंदर निघाला. वरून एक पातळ धबधबा पडत होता, खाली काळंनिळं पाणी, काठाला मऊ शेवाळ, आणि इतकी शांतता की आपला श्वास ऐकू यावा. चौदाखिशेनं त्या शांततेत यंत्र पाण्यात सोडलं. यंत्रानं दोनदा 'टिंग' केलं आणि पडद्यावर एक मोठी सावली दाखवली. तो आनंदानं उठून खडकाच्या टोकावर उभा राहिला. सकाळचं ऊन पाठीमागून होतं. त्याची सावली डोहावर लांबच्या लांब पडली, नारिंगी जाकिटासकट. खालची मोठी सावली क्षणात नाहीशी झाली आणि यंत्र पुन्हा दिवसभर वाजलं नाही.

ताईनं कपाळाला हात लावला. "अरे, आपण त्याला बघायला आलोय. त्यानं आपल्याला बघायला नको."

तो दिवस कोरडा गेला. चौदाखिशेनं पन्नासपैकी एक्केचाळीस आमिषं वापरून पाहिली. पाव संपत आला होता आणि उकडलेली अंडी चारच उरली होती. फार तर आणखी एक सकाळ. काकांनी उरलेली अंडी मोजून पिशवीत परत ठेवली. परत जाऊन बाबांना बेचाळीस म्हणायचं, हे शब्द तिनं स्वतःच्या तोंडानं दिले होते. तिनं मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिलं आणि तिला ते जमलं नाही.

चौथ्या दिवशी उजाडताच तिनं दोघांना मागं झाडीत बसवलं. भावाचं जाकीट उलटं करून घालायला लावलं. आतलं अस्तर मातकट होतं. स्वतः ती गुडघ्यांवर रांगत काठाशी गेली. बाबा म्हणायचे, पाणी कपड्यासारखं बघ. जोराचं पाणी आणि संथ पाणी जिथं एकमेकांना शिवलंय, ती शिवण शोध. मोठा मासा संथ बाजूला आळसावून पडतो आणि जोराच्या बाजूनं येणारं खाणं तोंडात पडायची वाट बघतो. धबधब्याच्या डावीकडं फेसाची एक बारीक रेघ खाली खाली जात होती. तीच शिवण!

तिनं बाबांचा पितळी चमचा बांधला. जुन्या चमच्याची दांडी कापून, ठोकून केलेलं आमिष, शेपटाला दुकानातल्या लाल रेशमाचा झुपका. गाठीला थुंकी. नखानं तंगूस तपासली. मग हलकेच फेकलं. चमचा फेसावर पडला, बुडाला, लुकलुकत शिवणीवरून वाहू लागला. काहीच नाही. पुन्हा. काहीच नाही. सातव्या वेळी चमचा वळणावर थांबला. तिला वाटलं, खडकाला अडकला.

खडक चालू लागला!

रीळ किंचाळलं. काठी वाकली, वाकली, कमान झाली. तंगूस पाणी चिरत डोहाच्या त्या टोकाला गेली. ताईचा हात आपोआप ब्रेककडं गेला. घट्ट करावा? नाही! चार किलो. बादली. पळू दे त्याला!

तो पळाला. रिळावरची तंगूस संपत आली आणि खालचा लोखंडी गाभा दिसू लागला. ताई काठानं धावली. शेवाळावर पाय घसरला आणि मागून कुणीतरी तिचा कमरेचा पट्टा गच्च धरला.

"पळ तू," चिटणीसकाका कानाशी म्हणाले. "मी धरलंय."

दोघं तसेच धावले, पुढं ताई, मागं पट्टा धरलेले काका. मासा वळला. ताई भराभर गुंडाळू लागली. तो पुन्हा पळाला. पुन्हा गुंडाळलं. खांदे पेटले, बोटं बधिर झाली. अर्धा तास गेला असेल, की जास्त, कुणाला ठाऊक. मग पाण्यात तांब्याच्या परातीसारखं काहीतरी एकदा उलटलं आणि काकांच्या तोंडून आवाज फुटला, "अगं आई गं."

"जाळं!" ताई ओरडली.

चौदाखिशे छातीपर्यंत पाण्यात घुसला. चौदा खिसे भरले. एका खिशातून आमिषांची डबी तरंगत निघून गेली, तिकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. त्याचं ते रबरी जाळं, ज्याच्यावर ताई दोन दिवस हसत होती, तेवढंच मोठं होतं म्हणून बरं. त्यानं ते पाण्याखाली धरलं, हलवलं नाही, घाई केली नाही. ताईनं माशाचं डोकं अलगद जाळ्यावर आणलं.

"उचल!"

मासा आत होता! तिघंही पाण्यात बसले आणि वेड्यासारखे हसत सुटले. कल्ले लाल, खवले बोटाएवढे, डोळा सोन्याच्या कड्यासारखा. ताईनं हात भिजवले, मगच त्याला स्पर्श केला; कोरड्या हातानं अंगावरचा चिकट थर निघतो आणि मासा पुढं आजारी पडतो. चेपलेल्या काट्याचा गळ बोटाच्या एका झटक्यात निघाला. काकांनी माशाला पाण्यातच धरलं. भावानं टेपचं टोक नाकाशी लावलं. ताईनं शेपटीपर्यंत ताणला.

आकडा वाचला काकांनी. दोनदा वाचला.

"एक्केचाळीस. एक्केचाळीस, पोरी." त्यांचे डोळे भरून आले होते. "एका इंचाचं काय घेऊन बसायचं? त्यानं बेचाळीस म्हटलं, खरंच म्हटलं. मी वहीत लिहितो. पोचल्या पोचल्या लिहितो."

चौदाखिशेचं तोंड उघडं पडलं आणि मिटलं. तोही त्याच दुकानात वाढला होता. त्यानं पाण्याखालून ताईच्या पायावर पाय दिला आणि डोळ्यांनी विनवलं, गप्प बस.

गप्प बसणं किती सोपं होतं! एकोणचाळीस म्हटलं की बेचाळीसला तीन कमी पडतात. तीन इंच म्हणजे पुन्हा हसायला जागा. पण ताईच्या हातात तो टेप होता, आणि त्या टेपनं आजवर तिनं कुणाचा सदरा दोन इंच ढगळ शिवला नव्हता.

"काका," ती म्हणाली, "दोन वजा करा. ह्या टेपला पहिले दोन इंच नाहीत."

काकांनी टेपचं टोक उलटसुलट करून पाहिलं. माशानं शेपटी आपटून तिघांनाही आंघोळ घातली.

"एकोणचाळीस," काका सावकाश म्हणाले. आणखी काही बोलले नाहीत.

ताईनं माशाचं तोंड प्रवाहाकडं केलं आणि पोटाखाली हात धरून थांबली. कल्ले उघडले, मिटले. आधी मंद, मग जोरात. मग तिच्या तळहातांतून एक दणकट झटका गेला आणि डोह पुन्हा काळानिळा झाला. तिचे हात रिकामे झाले होते आणि मन काठोकाठ भरलं होतं. पण परतीच्या वाटेवर, झाडाला टेकवलेली काठी आणि खुर्ची गोळा करताना, तिला राहून राहून काकांच्या गप्प बसण्याची धास्ती वाटत होती.

सहाव्या दिवशी दुपारी तिघं दुकानात शिरले, तेव्हा बाबा खिडकीशी बसून काज करत होते. त्यांनी वर पाहिलं, तिघांना मोजल्यासारखं केलं आणि पुन्हा सुईकडं पाहिलं.

"किती?"

"टेपवर एक्केचाळीस," ताई म्हणाली.

सुई थांबली. "आणि?"

"दोन वजा केले, बाबा. एकोणचाळीस."

बाबांनी सदरा मांडीवर ठेवला. चष्मा काढला. म्हणाले, "मी नव्हते केले."

कुणाला काही कळेना. बाबा चिटणीसकाकांकडं बघत होते.

"मासा हातात होता, अंगाला कापरं भरलं होतं. टेपवर बेचाळीस दिसलं, तेच डोक्यात बसलं. परत येऊन तुझ्या खुर्चीत बसून तुला सांगितलं. मग दुकानात आलो, पहिल्या गिऱ्हाइकाची छाती मोजली, आणि तोंडातून सवयीनं निघालं, दोन वजा. टेप हातातून खाली पडला माझ्या."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगायला निघालो होतो. तोवर तू अख्खा बाजार हसवला होतास. तेव्हा चाळीस म्हटलं असतं, तर तुम्ही म्हणाला असतात, बघा, आता उतरायला लागला." बाबांनी चष्म्याची काच सदऱ्याला पुसली. "मासा खरा होता रे. फक्त दोन इंच खोटे होते. पण त्या दोन इंचांपायी मला तुझ्याशी कधी जोरात भांडता आलं नाही."

पस्तीस वर्षं बाबा हसणाऱ्यांबरोबर का हसत होते, ते तिला आज कळलं.

चिटणीसकाका स्टुलावर बसले. त्यांनी टोपी काढायला हात वर नेला. टोपी नदीत गेली होती. "म्हणजे मी तुला फक्त दोन इंचांसाठी छळायला हवं होतं," ते म्हणाले. "चाळीस इंच जास्तीचे झाले."

"झाले खरे."

"त्याचं आता काय करू?"

"आयुष्यभर फुकट दाढी कर," बाबा म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांत जुनी चमक आली. मग ते ताईकडं वळले. "एकोणचाळीस का? चांगला आहे. माझ्यापेक्षा एका इंचानं लहान, पण चांगला आहे."

चौदाखिशे खो खो हसू लागला, आणि मग कुणालाच हसू आवरेना.

काकांनी वही मागवली. ताईच्या नावापुढं एकोणचाळीस लिहिले आणि त्याच्या वर, रिकाम्या ओळीत, बाबांच्या नावापुढं चाळीस. साक्षीदाराच्या रकान्याशी त्यांची लेखणी अडली. थोडा विचार करून त्यांनी स्वतःची सही ठोकली. "तो मासा मी पाहिला नाही," ते म्हणाले, "पण तो डोह पाहिलाय आणि ही पोरगी पाहिली आहे. मंडळानं विचारलं तर बघून घेईन."

तेवढ्यात दारातून एका गिऱ्हाइकानं डोकावलं. "बेचाळीसकाका, माझा सदरा झाला का?"

"चाळीस!" चिटणीसकाका गरजले. "माप नीट सांगत जा."

गिऱ्हाईक बिचारं भांबावून निघून गेलं. बाबांनी सुई सुयांच्या गादीत टोचली आणि छताकडं पाहिलं.

"ती माळ्यावरची काठी..." ते म्हणाले. "तंगूस बदलावी लागेल तिची. जुनी होऊन कडक झाली असेल."

ताई शिडी आणायला धावली. पण वर ती नाही चढली, भाऊही नाही. चिटणीसकाकांनी दोघांना बाजूला सारलं, बासष्ट वर्षांचे गुडघे पहिल्या पायरीवर ठेवले आणि ते कुरकुरत वर चढू लागले. ताईनं खालून त्यांचा कमरेचा पट्टा गच्च धरला.